फेटा काढू का हॅट?

गेल्या वर्षीच्या 23 मार्चचा किस्सा आमच्या आळीत अजून हळू आवाजातच सांगतात. चौकात हुतात्मा दिनाचा फ्लेक्स लागला होता. मधे भगतसिंग, एका बाजूला राजगुरू, दुसऱ्या बाजूला सुखदेव आणि खाली शुभेच्छुकांची रांग. त्यातले दोघे-तिघे तर हुतात्म्यांपेक्षाही मोठे. सकाळी हार घातले, नारळ फुटला, भाषणं झाली, चहा झाला. दिवस मावळताना सातवीतल्या एका पोराच्या लक्षात आलं की राजगुरूंच्या फोटोखाली सुखदेव छापलंय आणि सुखदेवांच्या फोटोखाली राजगुरू. आणि हे कुठे, तर खेड तालुक्यात! ज्यांच्या नावावरून तालुक्याचं गाव राजगुरूनगर झालं, त्यांचा चेहरा दिवसभरात एकालाही ओळखू आला नाही.

म्हणून यंदा शाळा समितीनं ठरवलं, फ्लेक्सची भानगडच नको, शाळेच्या भिंतीवर तिघांची चित्रं रंगवून घ्यायची. काम आलं आमच्या शेजारच्या अण्णांकडे. अण्णा जुने पेंटर. फ्लेक्स यायच्या आधी इथल्या दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, निवडणुकीच्या भिंती सगळं त्यांच्याच हातचं. आता ब्रशला काम कमी आणि तोंडाला जास्त. मी इतिहास शिकवून निवृत्त झालेली, त्यामुळे कुंपणापलीकडून "बाई, जरा या इकडं" अशी हाक आली की दुपारची झोप गेली म्हणून समजायचं.

"बाई, एकच सांगा. फेटा काढू का हॅट?"

अण्णांच्या हातात दोन कागद होते. एकावर पिवळाधमक फेटा, पीळदार मिशी, हातात पिस्तूल. दुसरा नातवानं मोबाइलवरून छापून आणून दिलेला, सगळ्यांच्या ओळखीचा फोटो: जराशी तिरकी फेल्ट हॅट, शर्टाची कॉलर, कोवळी मिशी आणि थेट समोर बघणारे डोळे.

"हेडसर काय म्हणतात?"

"हेडसर म्हणतात फेटा. पोरांना पटकन कळतं. नातू म्हणतो हॅट, कारण खरा फोटो तोच. आमच्या घरातलं मत तर तुम्हाला माहीतच आहे."

"माझं काही मत नाही," मागून वहिनींचा आवाज आला. अंगणात बाजेवर प्लास्टिक अंथरून त्या कुरडया घालत होत्या, सोऱ्या काही थांबला नाही. "चौरस फुटाला काय देणार ते आधी लिहून घ्या, एवढंच माझं मत."

अण्णांनी तिकडे कानाडोळा केला. "कामाच्या दृष्टीनं विचाराल तर फेटा सोपा. हॅटच्या कडेची सावली कपाळावर पडते, तिच्यात डोळे बुडतात. जवळून बरं दिसतं, पण रस्त्याच्या पलीकडून नुसता काळा डाग. फेट्याला लेमन यलो मारा, त्यात जरा शेंदरी, पीळ दाखवायला बर्न्ट सिएनाच्या चार रेघा ओढा. चेहरा थोडा हुकला तरी चालतं. एसटीच्या खिडकीतनं बघणारासुद्धा म्हणेल, भगतसिंग!"

मी हसले, तर ते आणखी रंगात आले. "लोक चेहरा बघतच नाहीत हो बाई, खूण बघतात. टिळकांची पगडी, गांधीजींचा चष्मा, नेताजींची लष्करी टोपी, बाबासाहेबांचा निळा कोट आणि हातातलं संविधान. ही खूण पुसा आणि मग ओळखून दाखवा म्हणावं. आपल्या राजगुरूंची गोची काय आहे सांगू? त्यांना खूणच नाही. नावाची पाटी लावल्याशिवाय चित्र पुरं होत नाही."

इतकी वर्षं वर्गात हे तिघं शिकवले, पण असं कधी सुचलं नव्हतं मला. म्हटलं, अण्णा, आता बसा. या हॅटची कुंडली सांगते.

8 एप्रिल 1929 ला दिल्लीच्या असेंब्लीत भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी बॉम्ब टाकले. पळून जायचं नाही, जागेवर उभं राहून स्वतःला पकडून द्यायचं, हे आधीच ठरलेलं. म्हणून त्याच्या थोडेच दिवस आधी दोघं काश्मिरी गेटच्या रामनाथ फोटोग्राफरकडे गेले आणि आपले फोटो काढून घेतले. परत यायचं नाही हे पक्कं माहीत असलेल्या माणसानं मागे काय उरावं याची तजवीज स्वतः केली! अटकेनंतर ते फोटो वर्तमानपत्रांत झळकले आणि तिथून घराघरांत गेले. आणि तो फोटोग्राफर? पुढे सरकारी साक्षीदार म्हणून उभा राहिला.

"काय मेला!" वहिनींचा सोऱ्या आता थांबला. "फोटोचे पैसे तरी दिले होते का त्याला?"

"दिले असतील. म्हणूनच आठवण राहिली असेल त्याची," अण्णा म्हणाले.

"पण हॅट कशाला घातली? पंजाबी माणूस ना तो?"

वहिनींनी नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. ती हॅट म्हणजे सोंगच की. त्याची गोष्ट आणखी मागची. लाला लजपतराय 17 नोव्हेंबर 1928 ला गेले. त्यांच्यावर झालेल्या पोलिसी लाठीमाराचा सूड म्हणून लाहोरला पोलीस अधिकारी स्कॉट याला मारायचं ठरलं. 17 डिसेंबरला चुकून दुसराच अधिकारी, साँडर्स, मारला गेला. पहिली गोळी राजगुरूंची, मग भगतसिंगांच्या. लाहोरभर नाकेबंदी झाली. त्याआधी फिरोजपूरला भगतसिंगांनी केस कापून दाढी उतरवली होतीच. आता अंगावर ओव्हरकोट, डोक्याला हॅट, शेजारी एका साथीदाराची पत्नी दुर्गाभाभी बायको म्हणून, बरोबर त्यांचा लहानगा मुलगा, असा साहेबी थाट करून मंडळी पोलिसांच्या डोळ्यांदेखत आगगाडीत बसली आणि लाहोरबाहेर पडली. पोलीस शोधत होते फेटेवाल्या शीख पोराला. साहेबाच्या हॅटकडे कोण बघतो?

"आणि आपले राजगुरू?"

"त्याच गाडीत होते. साहेबाचा नोकर होऊन."

वहिनींना ते अजिबात रुचलं नाही. "बघा! तिथंसुद्धा आपला पोरगा सामान उचलायला."

सोंग होतं ते वहिनी, असं मी म्हटलं खरं, पण त्यांचं म्हणणं माझ्याही डोक्यातून जाईना. साहेबाचं सोंग फोटोत गेलं आणि अमर झालं. नोकराचं सोंग स्टेशनावरच उतरलं. गोळी मात्र आधी नोकरानं झाडली होती.

"म्हणजे हॅटही खोटी आणि फेटाही खोटा," अण्णांनी दोन्ही कागद कुंपणाच्या जाळीला खोचले. "मग मी टकलू काढू का?"

फेटा अगदीच खोटा नाही. भगतसिंगांचे खात्रीचे म्हणून जे फोटो सांगतात ते चारच. एक शाळकरी वयाचा, डोक्याला फेटा. दुसरा लाहोरच्या नॅशनल कॉलेजातल्या नाटकवाल्या पोरांच्या घोळक्यातला, तिथंही फेटा आहे. तिसरा 1927 च्या अटकेतला: पोलीस ठाण्याच्या आवारात बाजेवर बसलेत, केसांची गाठ उघडी, अंगात साधा सदरा, समोर साध्या कपड्यातला अधिकारी. आणि चौथा हा हॅटवाला. फेटा आहे, पण पिवळा कुणी पाहिलेला नाही. कृष्णधवल फोटोत पिवळा रंग दिसणार कसा? आणि पिस्तूल या चारांतल्या एकाही फोटोत नाही. प्राध्यापक चमनलाल यांनी भगतसिंगांचं लिखाण गोळा करण्यात हयात घालवली. ते किती तरी वर्षं ओरडून सांगताहेत की हा बसंती फेटा चित्रकारांच्या डोक्यातून आलाय. ऐकतो कोण?

"सिनेमातनं आला तो," वहिनी म्हणाल्या. "बसंती चोला नाही का?"

सिनेमातून आला, दिनदर्शिकांतून आला, आणि मग सरकारातूनही. 2008 च्या 15 ऑगस्टला संसदेच्या आवारात भगतसिंगांचा 18 फुटी ब्राँझचा पुतळा बसला, तोही फेटेवाला. घडवला कुणी? आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतारांनी. अनावरण केलं प्रतिभाताई पाटलांनी, म्हणजे पुन्हा आपल्याच खानदेशच्या. हा चेहरा त्यांच्यासारखा दिसत नाही अशी कुरकुर तेव्हाही झाली होती. पुढे 2022 मध्ये पंजाबचे मुख्यमंत्री भगवंत मान यांनी खटकड कलानला शपथ घेतली, म्हणजे भगतसिंगांच्या वडिलोपार्जित गावी. सगळं मैदान पिवळं. सरकारी कचेऱ्यांत मुख्यमंत्र्यांचा फोटो नको, भगतसिंग आणि बाबासाहेबांचे लावा, असा निर्णय झाला. चांगलाच होता तो. पण भगतसिंग लागले ते पिवळ्या फेट्यातले, आणि मग त्या फेट्यावरून वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने.

"राम सुतारांनासुद्धा तसंच काढायला सांगितलं असणार," अण्णा एकदम आपल्या जातभाईच्या बाजूनं झाले. "ऑर्डर देणारा सांगतो तसं द्यावं लागतं. मी एकदा शिवाजी महाराजांचा घोडा पांढरा काढला, तर गिऱ्हाईक म्हणालं काळा करा, पांढरा शेजारच्या गावात आहे."

मला स्वतःला फेट्याचा राग नाही, हे मी अण्णांना सांगून टाकलं. शीख घरातला पोरगा, लहानपणी फेटा बांधतच होता. पंजाबला तो आपला वाटावा म्हणून कुणी पुन्हा बांधला, तर त्यात काही पाप नाही. पण हातात पिस्तूल देताना जे काढून घेतलं त्याचं काय? ह्या माणसानं तुरुंगात 404 पानांची वही भरायला घेतली होती. तिच्यात मार्क्स आहे, रूसो आहे, टॉमस पेन आहे. फाशीच्या दिवशीही हातात लेनिनवरचं पुस्तक होतं. 'मी नास्तिक का आहे' हा लेख त्यांनी कोठडीत लिहिला आणि फाशीनंतर सहा महिन्यांनी, 27 सप्टेंबर 1931 ला, लाहोरच्या 'द पीपल' मध्ये तो छापून आला. आणि त्याच सुमारास बाजारात चित्रं कसली खपत होती? भगतसिंग स्वतःचं शिर तबकात घालून भारतमातेला अर्पण करताहेत! इंग्रज सरकार ती जप्त करत होतं. आत बसून तो लिहितोय की मी देव मानत नाही, आणि बाहेर लोकांनी त्याला थेट देवीपुढे नेऊन बसवलं.

"लोकांनी प्रेमानंच केलं ना ते?" वहिनी म्हणाल्या.

"प्रेमानंच."

"मग?"

या 'मग' ला माझ्याकडे झटकन उत्तर नव्हतं. त्या चित्रांनीच तर त्याला जिवंत ठेवला. काँग्रेसचा इतिहास लिहिणाऱ्या पट्टाभि सीतारामय्यांनीही लिहून ठेवलंय की त्या दिवसांत भगतसिंगांचं नाव गांधीजींच्या नावाइतकंच घरोघरी पोचलं होतं. त्या घरांत वाचता येणारे किती होते? लेख पोचला नसता, कॅलेंडर पोचलं. पण इंग्रज जाऊनही इतकी वर्षं झाली, साक्षरता वाढली, शाळेला भिंती आल्या, तरी आपण कॅलेंडरच्या पुढे सरकायला तयार नाही, एवढंच माझं म्हणणं. कारण त्यात सगळ्यांची सोय आहे. डाव्यांना भगतसिंग हवा, अकाल्यांना हवा, संघाला हवा, आम आदमी पक्षाला हवा. हॅट-फेट्यावर भांडता येतं. वहीत काय लिहिलंय ते उघडलं तर निम्म्या मंडळींना घाम फुटेल.

"हळू बोला बाई," अण्णा रस्त्याकडे बघत म्हणाले, "समितीवाले याच वाटेनं जातात."

मग मी त्यांना ठेवणीतली चीज सांगितली. तिघांना ज्यात फाशी झाली त्या खटल्याचं कागदोपत्री नाव काय होतं? 'सरकार विरुद्ध सुखदेव आणि इतर'. आरोपींच्या यादीत सुखदेव पहिले, भगतसिंग बारावे, राजगुरू विसावे. पोलिसांच्या लेखी क्रांतिकारकांच्या संघटनेचा मेंदू सुखदेव. आणि आपण शाळेत ओरडायचं काय, भगतसिंग-राजगुरू-सुखदेव! उत्तरेत भगतसिंग-सुखदेव-राजगुरू म्हणतात, म्हणजे आपले तिसरे. पण पहिलं नाव सगळीकडे एकच.

"असं कसं? सुखदेवला राग यायला हवा," वहिनी म्हणाल्या.

"त्यांनी फोटो काढून ठेवला नाही ना," अण्णा म्हणाले. "बाई, मला कळलं आता. ज्यानं रामनाथकडे जाऊन फोटो काढला तो पहिला."

इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! रामनाथकडे दोघं गेले होते. बटुकेश्वर दत्तांचाही फोटो निघाला, तोही वर्तमानपत्रांत आला. बॉम्ब दोघांनी टाकले, पत्रकं दोघांनी भिरकावली, घोषणा दोघांनी दिल्या. पण साँडर्स प्रकरणात दत्त नव्हते. त्यांना जन्मठेप झाली, अंदमान झालं, क्षय झाला, सुटले, 1942 ला पुन्हा आत गेले, आणि स्वातंत्र्यानंतर पाटण्यात पोटापाण्यासाठी धडपडत राहिले. मनोजकुमारच्या 'शहीद' च्या कथेचं श्रेय त्यांच्या नावावर आहे. तो सिनेमा 1965 च्या सुरुवातीला लागला आणि त्याच वर्षी जुलैत दत्त दिल्लीच्या एम्समध्ये वारले. इच्छेप्रमाणे त्यांना सतलजकाठी हुसैनीवाल्याला, जिथं त्या तिघांना जाळलं होतं तिथं, अग्नी दिला. पडद्यावरचा भगतसिंग बघायला सगळा देश रांगेत उभा होता. आणि त्याच्या शेजारी उभं राहून बॉम्ब टाकणारा माणूस अजून आहे, हे कितीकांना ठाऊक होतं?

"हुसैनीवाला पाकिस्तानात गेलं होतं म्हणे," अण्णांनी कुठंतरी वाचलं होतं.

गेलं होतंच. 1961 मध्ये बारा गावं देऊन ती जागा भारतानं परत घेतली. तिथं पुतळे उभे केले, ते 1971 च्या युद्धात पाकिस्तानी सैन्य उचलून घेऊन गेलं. पुन्हा नवे बसवले. आणि लाहोरात जिथं फाशीचा तख्ता होता तिथं आता शादमान चौक आहे. त्याला भगतसिंगांचं नाव द्या म्हणून तिथले लोक वर्षानुवर्षं कोर्टात भांडताहेत, नाव द्यायचं ठरतं आणि परत बारगळतं. आपल्याकडे कुणी विचारत नाही, पण लाहोरचा पोरगा म्हणून त्या लोकांनाही तो हवाच आहे.

तेवढ्यात वहिनी पदराला हात पुसत कुंपणाशी आल्या. त्यांचा प्रश्न केव्हापासून तयार असावा. "ती दुर्गाभाभी. तिचं काय झालं?"

काय व्हायचं? नवरा भगवतीचरण व्होरा 1930 च्या मे महिन्यात रावीकाठी बॉम्बची चाचणी घेताना गेला. त्याच ऑक्टोबरात मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या पोलीस चौकीजवळ गोळीबार झाला, त्यात ही होती. पुढे लखनौला लहान मुलांची शाळा काढली, ती चालवली, म्हातारी झाली आणि 1999 मध्ये गाझियाबादला वारली. बातमी आतल्या पानावर.

"म्हणजे म्हातारं झालं की चित्रातनं बाद," वहिनी म्हणाल्या. "लेकरू घेऊन पोलिसांसमोरून गेली बाई, आणि भिंतीवर तिघं बाप्येच. तुमच्या समितीला सांगा."

"समितीनं तिघांचेच चौरस फूट धरलेत," अण्णा पुटपुटले.

तरुण मेलं की चित्र होतंच असंही नाही, हेही खरं. याच खटल्यातल्या जतीन दासांनी लाहोरच्या तुरुंगात 63 दिवस अन्न घेतलं नाही आणि 13 सप्टेंबर 1929 ला प्राण सोडला. वय चोवीस. कलकत्त्याला त्यांच्या अंत्ययात्रेला लोटलेल्या गर्दीचे आकडे आजही लोक डोळे विस्फारून सांगतात. आज आपल्या शाळेतल्या किती पोरांना जतीन दास माहीत आहेत? मी शिकवत होते तेव्हाच्या पुस्तकात एक ओळ होती. ती परीक्षेला येत नसे.

"राजगुरूंचं सांगा," अण्णांनी मला मूळ कामावर आणलं. त्यांचा खरा पेच तिथंच होता. भगतसिंगांना हॅट नाहीतर फेटा, काही तरी आहे. राजगुरूंना काय द्यायचं?

राजगुरू मला वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोरासारखे वाटत आले आहेत. शिवराम हरी. 24 ऑगस्ट 1908 ला खेडला जन्म, वडील लवकर गेले, पंधरा-सोळाव्या वर्षी घर सोडून काशीला संस्कृत शिकायला गेले आणि तिथून क्रांतिकारकांत. साथीदारांनी पुढे आठवणी लिहिल्या, त्यातले राजगुरू कॅलेंडरातल्या हुतात्म्यासारखे मुळीच नाहीत. कुठंही, कसंही झोपायचे. भगतसिंगांशी त्यांची एक गोड चुरस होती, की आधी मरायचं ते आपण. पोलिसांचा छळ आपल्याला सोसेल का, हे बघायला एकदा स्वयंपाक करता करता चिमटा लाल करून त्यांनी स्वतःच्या छातीला लावला होता.

"अगं बाई!" वहिनींनी तोंडावर हात ठेवला.

आणि असेंब्लीत बॉम्ब टाकायला मीच जाणार, असा त्यांनी हट्ट धरला होता. थेट चंद्रशेखर आझादांपर्यंत गेले. कारण सांगितलं गेलं की कोर्टात इंग्रजीत निवेदन करायचंय, तुला इंग्रजी येत नाही. त्यावर गडी म्हणतो, लिहून द्या, पाठ करतो, मी संस्कृत व्याकरणाची कौमुदी पाठ केलेली आहे! नाही पाठवलं. दत्त गेले. पाठवलं असतं तर त्या रामनाथच्या दुकानात हॅटशेजारी आपले राजगुरू उभे राहिले असते, आणि फ्लेक्सवाला चुकला नसता.

अण्णा गप्प बसले. मग म्हणाले, "इंग्रजीनं घात केला म्हणायचा."

आणखी एक सांगते, खास तुमच्यासाठी, असं म्हणून मी त्यांना कॅलेंडरची गोष्ट सांगितली. क्रांतिकारकांच्या बिऱ्हाडात राजगुरूंनी कुठूनसं एक सुंदर बाईचं चित्र असलेलं कॅलेंडर आणून भिंतीला टांगलं. आझाद आले, त्यांनी ते फाडून टाकलं. असल्या चित्रात मन गुंतलं तर पिस्तूल कोण धरणार? राजगुरू आले, तुकडे बघितले, विचारलं, कुणी फाडलं? मी. का? इतकं सुंदर होतं ते. म्हणून तर फाडलं. म्हणजे जे जे सुंदर असेल ते सगळं फाडून टाकणार का, ताजमहालसुद्धा? हो, जमलं तर तोही, आझाद रागातच होते. राजगुरूंचा आवाज चढला नाही. ते एवढंच म्हणाले की जग सुंदर करायला निघालो आहोत आणि सुंदर गोष्टी मोडून ते कसं होणार. मग आझादच ओशाळले.

अण्णांना ही गोष्ट इतकी आवडली की त्यांनी ती मला पुन्हा सांगायला लावली. "म्हणजे आमच्या धंद्याच्या बाजूनं बोलणारा एक तरी निघाला," म्हणाले. "आणि त्याचंच चित्र धड कुणी काढलं नाही!"

टपाल खात्याचंच बघा ना. 1968 मध्ये भगतसिंगांचं तिकीट निघालं. तिकीट जमवणाऱ्यांच्या कॅटलॉगात त्याचं वर्णन आहे 'भगतसिंग आणि त्यांचे अनुयायी'. राजगुरूंचं स्वतःचं तिकीट यायला 2013 उजाडलं. सिनेमात 1965 ला अनंत मराठे राजगुरू झाले होते, 'रंग दे बसंती' त शर्मन जोशी. आठवतात का कुणाला? भगतसिंग कोण झालं होतं ते मात्र पानवालाही सांगेल. मधे 2018 मध्ये एका पुस्तकात दावा झाला की राजगुरू संघाचे स्वयंसेवक होते. घराण्यातल्या लोकांनी लगेच सांगितलं, याला पुरावा नाही. इतकी वर्षं ज्याचा चेहरा कुणाला ओळखू येत नव्हता, त्याच्यावर हक्क सांगायला मात्र माणसं आली.

"खूण नसली की असंच होतं," अण्णा म्हणाले. "कुणीही आपली टोपी चढवतो."

मग त्यांनी खिशातली पेन्सिल काढून फोटोवर चौकोन मारायला घेतले, म्हणजे भिंतीवर तेवढेच मोठे चौकोन खडूनं मारले की चेहरा उचलता येतो. हॅटवाल्या फोटोवर मारत होते, हे मी बघितलं. बोलले नाही.

"भगतसिंगांच्या हातात पुस्तक देतो," ते मान वर न करता म्हणाले. "पिस्तूल नाही. हेडसरांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा."

"सांगते. आणि राजगुरू?"

"राजगुरूंच्या मागं भिंत दाखवतो. भिंतीवर खिळा आणि खिळ्याला कॅलेंडर. कोणी विचारलं तर सांगू गोष्ट. आणि मधे त्यांनाच घेतो. तालुका कुणाचा आहे?"

"सुखदेव चिडतील," वहिनी म्हणाल्या.

"सुखदेवांच्या हातात खटल्याचा कागद देतो. आरोपी नंबर एक."

"आणि दुर्गाभाभी?"

अण्णांनी भिंतीच्या मापाचा कागद उलटा-सुलटा केला. "खिडकीच्या खाली दोन फूट जागा सुटते. त्याचे पैसे समिती देणार नाही."

"नाही दिले तर नाही दिले," वहिनी म्हणाल्या, आणि हे ऐकून मी आणि अण्णा दोघंही त्यांच्याकडे बघतच राहिलो. चौरस फुटाचा भाव लिहून घ्या म्हणणाऱ्या त्याच.

"पण मी यलोचा लिटरचा डबा आणून बसलोय," अण्णांना एकदम आठवलं. "फेट्यासाठी. त्याचं आता काय करू?"

"सील फोडलंय का?"

"नाही अजून."

"मग आज संध्याकाळीच परत करा, उद्या दुकानदार घ्यायचा नाही. बदल्यात राखाडी आणा. आणि येताना किलोभर साबुदाणा, चिकवड्या राहिल्यात अजून."